मिलिंग मशीन शिकायचंय? मुंबईत सुरुवात कुठून करायची आणि सर्टिफिकेट कोणतं घ्यायचं

दहावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. ‘पोराला मशीनवर घालायचंय. तीन महिन्यांचा व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) क्लास लावू की आयटीआयला टाकू?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. हाताने चालवायच्या मिलिंगवर आधी हात बसू दे, बटणांचं मशीन त्यानंतर. आणि सर्टिफिकेट घ्यायचंच तर जिथे पुढे नोकरी करायची आहे तिथे चालणारं घ्या. फोनवर एवढंच सांगून होतं, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मशीन पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेथवर जॉब, म्हणजे ज्याला आकार द्यायचा तो धातूचा तुकडा, फिरतो. मिलिंगवर कटर फिरतो आणि टेबलावर बांधलेला जॉब त्याच्याखाली सरकवायचा असतो. सपाट तोंडं, खाचा, की-वे, टी-स्लॉट, डव्हटेल, गिअरचे दात ही सगळी मिलिंगची कामं. जुन्या गाळ्यांत अजून एचएमटीची मिलिंग मशीन दिसतात, टूलरूममध्ये (जिथे साचे आणि हत्यारं बनवतात) टरेट हेडची, आणि नव्या शॉपमध्ये व्हीएमसी. व्हीएमसी म्हणजे शेवटी मिलिंगच, फक्त हँडल तुमच्याऐवजी मोटर फिरवते. काम मुंबईत मरोळ, साकीनाका, भांडुप या पट्ट्यात आहे. त्याहून जास्त ठाण्याच्या वागळे इस्टेटला, रबाळे-महापेला आणि वसई पूर्वेला वालीव-सातिवलीकडे. शहरात जागा महागली तशी बरीच मशीनशॉप बाहेर गेली, त्यामुळे लोकलचा प्रवास धरूनच विचार करा.

पायरी १ : कुठे पोचायचंय ते आधी ठरवा

हे पहिल्यांदा, कारण सर्टिफिकेट त्यावर अवलंबून आहे. रेल्वेचं वर्कशॉप, बीएआरसी, नेव्हल डॉकयार्ड अशा सरकारी ठिकाणी जायचं असेल तर जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं: संबंधित ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे आयटीआय करून अखिल भारतीय परीक्षा पास झाल्यावर मिळणारं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट. तिथे खासगी क्लासचा चकचकीत लॅमिनेटेड कागद चालत नाही, मग त्यावर आयएसओचा शिक्का असो की आणखी कशाचा. रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत तर लेखी परीक्षाही नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून गुणवत्ता यादी लागते. ‘आयटीआयला पास झालं की झालं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उलट वसईच्या गाळ्यात मालक सर्टिफिकेटकडे बघतो न बघतो आणि हातात ड्रॉइंग देतो. ‘हा पीस काढून दाखव.’ तिथे हात बोलतो. मोठ्या कंपन्या या दोन्हींच्या मध्ये: कागद हवा, आणि ट्रायलही.

तुमचं वय, घरची परिस्थिती आणि सध्याचा अनुभव बघून पुढच्या तीनपैकी एक रस्ता निवडा.

पायरी २ : प्रवेश

*दहावी झालीय, दोन वर्षं देता येतील.* मग आयटीआय, दुसरा विचार नको. ‘मिलिंग’ नावाचा ट्रेड यादीत शोधू नका, तो सापडणार नाही. तुमचा ट्रेड आहे मशिनिस्ट, दोन वर्षांचा. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी पास लागते. टर्नरमध्ये भर लेथवर असतो, मशिनिस्ट ग्राइंडरमध्ये ग्राइंडिंगवर. ‘ऑपरेटर अॅडव्हान्स्ड मशीन टूल्स’ आणि ‘टूल अँड डाय मेकर’ हेही चांगले ट्रेड, दोन्हींत मिलिंग भरपूर. पण मशिनिस्टची जागा मिळत असेल तर तीच घ्या, कारण भरतीच्या जाहिरातींत हे नाव सगळ्यांत जास्त वेळा येतं.

मुंबईत मुलुंड, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, लोअर परळ इथे शासकीय आयटीआय आहेत, पलीकडे ठाणे आणि अंबरनाथ. सगळे ट्रेड सगळीकडे नसतात. त्या वर्षीच्या यादीत मशिनिस्टच्या जागा कुठे आहेत ते पाहूनच विकल्प भरा. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या, म्हणजे डीव्हीईटीच्या पोर्टलवरून होतो. फॉर्म, मग गुणवत्ता यादी, मग फेऱ्या. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, डोमिसाइल, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमी लेयर हे निकालाआधीच तयार ठेवा. सेतू केंद्रावर जूनमध्ये काय गर्दी असते ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात आणि मशिनिस्टमध्ये त्यासाठी फारशी रस्सीखेच नसते. मशीनला बाईमाणसाचा हात चालत नाही असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना टूलरूममध्ये नेऊन दाखवा.

विकल्प भरण्याआधी एक काम आवर्जून करा. संस्थेत जा आणि वर्कशॉप बघू द्या म्हणून विनंती करा. मशीन किती आहेत ते मोजू नका, चालू किती आहेत ते बघा. चालू मशीनच्या टेबलाखाली चिप्स पडलेल्या असतात, कूलंटचा वास असतो, हँडल हात लागून लागून गुळगुळीत झालेली असतात. टेबलावर धूळ बसली असेल आणि ती ग्रीसने चिकट झाली असेल, तर त्या मशीनवर पोरांचा हात पडत नाही.

*नोकरी करता करता शिकायचंय किंवा वय उलटून गेलंय.* आयटीआयला कमाल वयाची अट नाही, पण दोन वर्षं सगळ्यांना परवडत नाहीत. अशांसाठी कौशल्य विकासाचे छोटे अभ्यासक्रम आहेत. कॅपिटल गुड्स क्षेत्राच्या सेक्टर स्किल कौन्सिलने कन्व्हेन्शनल मिलिंग आणि व्हीएमसी ऑपरेटर अशा कामांची मानकं ठरवलेली आहेत आणि त्यावर परीक्षा होते. शीव-चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाची संस्था आहे, तिथे टूल अँड डायचा डिप्लोमा आणि सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे, अभ्यासक्रम चालतात. तिकडेच पूर्वीचं एटीआय, आताचं राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थान आहे. पुढे आयटीआयमध्ये शिक्षक व्हायचं असेल तर निदेशक प्रशिक्षणासाठी तिकडे जावं लागेल.

*आधीच पाच-दहा वर्षं मशीनवर आहात, पण कागद नाही.* मुंबईत असे हजारो कामगार आहेत. हेल्पर म्हणून लागले, उस्तादाच्या हाताखाली शिकले, आज सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, आहेत. तुम्ही पुन्हा शाळेत बसायची गरज नाही. आरपीएल, म्हणजे पूर्वानुभवाची मान्यता, ही सोय तुमच्यासाठीच आहे. थोडी उजळणी, मग तोंडी आणि प्रात्यक्षिक मूल्यांकन, आणि पास झालात तर कौशल्य प्रमाणपत्र. हे ट्रेड सर्टिफिकेटची जागा घेत नाही, पण मोठ्या कंपनीच्या एचआरसमोर ‘अनुभव आहे हो’ असं तोंडी सांगण्यापेक्षा केव्हाही बरं.

खासगी व्हीएमसी क्लासबद्दल विचाराल तर काही खरंच चांगले आहेत. पण पैसे भरण्याआधी विचारा: मशीन तुमचं स्वतःचं आहे का, की फक्त कॉम्प्युटरवर सिम्युलेटर? एका बॅचला एका मशीनवर किती मुलं? मी स्वतः किती जॉब काढणार? धातू कापणार की लाकूड-मेण? सर्टिफिकेट कोण देणार, आणि ते ऑनलाइन तपासता येतं का? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं बोर्डावर लिहिलेलं असेल तर मागच्या बॅचमधल्या मुलांचे नंबर मागा. त्यावर विषय बदलला गेला तर तुम्हीही पाऊल बदला.

पायरी ३ : मशीनआधी ड्रॉइंग आणि मोजमाप

पोरं थेट मशीनकडे धावतात. पण आपल्या धंद्यात रिजेक्शन जितकं कापताना होतं तितकंच वाचताना आणि मोजताना होतं.

ड्रॉइंगमध्ये पहिल्यांदा कोपऱ्यातला छाटलेल्या शंकूचा छोटा चिन्हवजा आकार बघायची सवय लावा. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकवतात. पण सीप्झ किंवा मरोळच्या निर्यातीच्या कामात अमेरिकेतून आलेलं ड्रॉइंग थर्ड अँगलचं असतं. चिन्ह न बघता काम केलं की खाच डावीकडची उजवीकडे जाते आणि सगळे पीस आरशात बघितल्यासारखे उलटे निघतात. मापं सगळी बरोबर, आणि माल सगळा भंगारात.

मग टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ती मुभा. ड्रॉइंगवर ‘२० एच ७’ लिहिलं असेल तर ते भोक २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरमध्ये बसलं पाहिजे. म्हणजे २१ मायक्रॉनची मुभा. माणसाचा केस साधारण याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. असल्या कामाला व्हर्नियर लावून ‘बरोबर आहे’ म्हणायचं नसतं, कारण व्हर्नियर ०.०२ पर्यंतच वाचतो. मायक्रोमीटर ०.०१, डायल इंडिकेटरही (काट्याचं मापक) तसाच, आणि भोकासाठी बोअर गेज किंवा प्लग गेज.

स्वतःचा एक व्हर्नियर घ्यायचा असेल तर मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा. मोजमापाची हत्यारं, कटर, कॉलेट, सगळं एका गल्लीत. तिथे नामांकित ब्रँडची हुबेहूब नक्कलही मिळते, तेव्हा भाव संशयास्पद कमी असेल तर बिल मागा. घेताना जबडे मिटवून उजेडासमोर धरा. मधून प्रकाशाची रेघ दिसली तर तो परत ठेवा. डिजिटलच्या मोहात पडू नका, आयटीआयला साधा व्हर्नियर वाचायला लावतात आणि तेच योग्य आहे.

पायरी ४ : मशीनवर पहिला महिना

सुरक्षेबद्दल एवढंच आणि हे तोंडपाठ हवं: फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नाहीत. हे नव्यांना उलटं वाटतं, पण मोजा कटरमध्ये सापडला की सोबत बोटं ओढली जातात. लांब बाही, अंगठी, मनगटातला काळा दोरा, गळ्यातली माळ, ओढणी, मोकळे केस, यातलं काहीही नाही. गॉगल आणि सेफ्टी बूट हवेतच. चिप्स हाताने किंवा फडक्याने नाही, ब्रशने काढायच्या, त्याही मशीन थांबवून. माप घेतानाही स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, बंद. आणि ड्रॉ-बार (कटर स्पिंडलमध्ये ओढून धरणारी सळी) घट्ट करायचा पाना वर तसाच विसरून मशीन चालू केलं तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. पाना जागेवर टांगल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

आता खरं शिक्षण कुठे होतं ते सांगतो. व्हाइस, म्हणजे जॉब धरायचा शिकंजा, डायलमध्ये घेण्यात, म्हणजे डायल इंडिकेटर लावून सरळ बसवण्यात.

टेबलावर व्हाइस बसवली की ती डोळ्याला सरळ दिसते, पण सरळ नसते. डायल इंडिकेटरचा मॅग्नेट कॉलमवर किंवा हेडवर लावा आणि डायलचं टोक व्हाइसच्या स्थिर जबड्याला टेकवा. सरकत्या जबड्याला कधीच नाही, त्यात ढिलाई असते. एक बोल्ट बेताचा घट्ट, दुसरा त्याहून सैल. डायल शून्यावर आणा आणि टेबल लांबीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. समजा दुसऱ्या टोकाला काटा वीस घरं सरकला, म्हणजे ०.२० चा फरक. नवा माणूस इथे जोरात हातोडा मारतो, काटा पलीकडे जातो, मग पुन्हा इकडे, आणि सकाळ जाते. मऊ हातोड्याने हलकं ठोकायचं, पुन्हा पहिल्या टोकाला जाऊन शून्य घ्यायचं, पुन्हा बघायचं. काटा एका घरात आला की दोन्ही बोल्ट आवळायचे आणि आवळून झाल्यावर परत एकदा बघायचं, कारण आवळताना व्हाइस हलते. शेवटचं बघणं बहुतेक जण गाळतात आणि मग ‘माझा जॉब टेपर का येतोय’ विचारत फिरतात.

पहिला जॉब सगळीकडे एकच: चौकोनी ठोकळा सहा बाजूंनी काटकोनात आणायचा. दिसायला सोपा, पण पुढचं सगळं यातच आहे. सगळ्यांत मोठी बाजू आधी कापा, तीच पुढची आधारबाजू. मग ती स्थिर जबड्याला टेकवा आणि सरकत्या जबड्याच्या बाजूला मध्ये एक गोल सळी धरा. सळी का? समोरची बाजू अजून ओबडधोबड आहे. सळी नसली तर सरकता जबडा त्या खडबडीत बाजूप्रमाणे जॉब वाकडा दाबतो, आणि आधारबाजू स्थिर जबड्याला पूर्ण बसत नाही. अशी दुसरी बाजू कापली की ती पहिलीला काटकोनात येते. तिसऱ्या बाजूला दुसरी बाजू खाली पॅरललवर (सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर) बसवा. चौथीला सळी काढून टाका, पहिली बाजू खाली पॅरललवर, दुसरी-तिसरी जबड्यांत. शेवटी दोन टोकं, पाचवी उभी करताना ट्राय स्क्वेअर लावून. प्रत्येक बाजूनंतर फाइलने बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची धार, काढायचा. बर राहिला की पुढची बाजू त्या बरावर बसते आणि काटकोन गेला. व्हाइस आवळल्यावर जॉब मऊ हातोड्याने ठोकून खालचे पॅरलल बोटाने हलवून बघा. हलले तर जॉब बसलेला नाही.

याच काळात बॅकलॅश अंगवळणी पडला पाहिजे. टेबलाचा स्क्रू आणि नट यांत थोडी जागा असते. हँडल उलटं फिरवलं की हँडलवरचा आकड्यांचा डायल फिरतो, टेबल मात्र लगेच हलत नाही. म्हणून माप हुकून पुढे गेलात तर नुसतं त्या आकड्यावर मागे येऊ नका. अर्धा-पाऊण फेरा मागे जा आणि पुन्हा पुढून त्या आकड्यावर या. डायलचं एक घर म्हणजे ०.०२ की ०.०५, हे मशीनवर कोरलेलं असतं. नव्या मशीनवर उभं राहिलात की पहिलं ते वाचा.

पायरी ५ : स्पीड, फीड आणि थोडं गणित

कटरचे मिनिटाला फेरे काढायचं सूत्र एकच: १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले कटरचा व्यास. माइल्ड स्टीलवर एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटरचा स्पीड मिनिटाला २० ते ३० मीटर धरतात. २० मिलिमीटरचा एचएसएस एंड मिल, स्पीड २५ धरला तर २५,००० भागिले ६२.८, म्हणजे जवळपास ४०० फेरे. चार दात, दर दाताला ०.०५ मिलिमीटर फीड (जॉब पुढे सरकणं), तर मिनिटाला ८० मिलिमीटर टेबल चालेल. कार्बाइड असेल तर स्पीड चौपट-पाचपट जातो. मशीनवर नेमका तोच आकडा नसेल तर खालचा गिअर टाका, वरचा नाही. कास्ट आयर्न शक्यतो कोरडंच कापतात. अॅल्युमिनियम कटरला चिकटतं, त्याला कूलंट हवंच. आकडे पाठ करण्यापेक्षा कान तयार करा. कर्कश आवाज आणि जॉबवर लाटांसारख्या खुणा आल्या तर फेरे कमी करा, टूल कमी बाहेर काढा, नाहीतर पकड बघा.

फीडची दिशा हा दुसरा मुद्दा, आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. कटरच्या फिरण्याविरुद्ध जॉब सरकवला तर अप मिलिंग, त्याच दिशेने सरकवला तर डाउन मिलिंग. डाउनला फिनिश चांगली येते. पण जुन्या मशीनवर बॅकलॅशमुळे कटर टेबलच आपल्याकडे ओढून घेतो, दात तुटतो नाहीतर जॉब उडतो. म्हणून जुन्या मशीनवर अप. व्हीएमसीला बॉल स्क्रू असतो, त्यात ही ढिलाई जवळजवळ नसते, तिथे डाउनच वापरतात.

डिव्हायडिंग हेडला मुलं उगाच घाबरतात. आत ४० ला १ चं वर्म गिअर असतं: हँडल ४० फेरे फिरवलं की जॉब एक फेरा फिरतो. म्हणून ४० ला हव्या त्या भागांनी भागा. २८ दातांचा गिअर हवाय? ४० भागिले २८, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि तीन सप्तमांश. २१ भोकांच्या वर्तुळात तीन सप्तमांश म्हणजे ९ भोकं. प्रत्येक दाताला एक फेरा आणि ९ भोकं पुढे. चूक होते ती मोजताना. पिन ज्या भोकात आहे ते धरायचं नाही, त्याच्या पुढच्यापासून ९. सेक्टरचे हात नीट लावून ठेवले तर दरवेळी मोजावं लागत नाही.

पायरी ६ : परीक्षा

आयटीआयची अखिल भारतीय ट्रेड परीक्षा वर्षाच्या शेवटी होते. लेखी भाग संगणकावर, बहुपर्यायी. प्रात्यक्षिक मशीनवर. प्रात्यक्षिकात आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यांकनात ६० टक्के लागतात, बाकी विषयांना ३३. म्हणजे वर्षभर दांड्या मारून शेवटी अभ्यास करू, हे इथे जमत नाही. लेखीसाठी निमी या सरकारी संस्थेची आयटीआयची पुस्तकं आणि ‘भारत स्किल्स’ पोर्टलवरची विनाशुल्क प्रश्नपेढी पुरेशी आहे. गाईड विकत घेऊ नका.

प्रात्यक्षिकात बहुधा एकमेकांत बसणारे दोन भाग, डव्हटेल, टी-स्लॉट किंवा व्ही-ब्लॉक अशा जातीचा जॉब येतो. पहिला अर्धा तास मशीन चालू करू नका. ड्रॉइंग वाचा, कुठली बाजू आधी आणि कुठली नंतर ते कागदावर लिहा, हत्यारं मांडा. बसणाऱ्या जोडीत आतला भाग आधी मापात पूर्ण करा आणि बाहेरची खाच त्याला लावून लावून शेवटचे कट घ्या. जॉब अपुरा राहिला तरी जे केलंय ते मापात ठेवा. परीक्षक मापावर गुण देतो, घामावर नाही.

प्रमाणपत्र आता डिजिटल मिळतं आणि कंपनीला ते ऑनलाइन पडताळता येतं. मिळाल्यावर नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते त्याच दिवशी बघा. वर्षभराने भरतीच्या पडताळणीत स्पेलिंगवरून अडवतात तेव्हा धावपळ आपलीच होते.

पायरी ७ : आता व्हीएमसी

मिलिंग येणाऱ्याला व्हीएमसी शिकायला वेळ लागत नाही. टच घेणं (कटर जॉबला टेकवून शून्य धरणं), कटर निवडणं, पकड, फेरे, हे सगळं तेच. नवीन एवढंच: प्रोग्राम वाचणं आणि ऑफसेट, म्हणजे जॉबचं शून्य आणि टूलची लांबी मशीनला सांगणं. जी ० म्हणजे कापल्याशिवाय झपाट्याने जाणं, जी १ सरळ कापत जाणं, जी २ आणि जी ३ वर्तुळाकार, जी ५४ म्हणजे जॉबचं शून्य कुठे आहे ते, जी ४३ म्हणजे टूलची लांबी धरणं. एम ३ ला स्पिंडल फिरतो, एम ८ ला कूलंट सुरू.

एका गोष्टीला मात्र जपा. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर बऱ्याच ठिकाणी दशांश चिन्ह न देता ‘एक्स १०’ टाइप केलं तर मशीन ते १० मिलिमीटर नाही, १० मायक्रॉन धरतं. ‘एक्स १०.’ असं टिंब दिलं तरच १० मिलिमीटर. टिंबाच्या या फरकाने टूल, व्हाइस आणि कधी स्पिंडलही जातो. म्हणून नवा प्रोग्राम पहिल्यांदा सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड (झपाट्याने जाण्याचा वेग) कमीत कमी, एक बोट फीड होल्डवर (सरकणं थांबवायच्या बटणावर) आणि डोळे स्क्रीनवर नाही, टूलच्या टोकावर. ‘अजून किती जायचंय’ हा आकडा आणि टूल व जॉबमधलं प्रत्यक्ष अंतर जुळत नसेल तर थांबवा, कुणी ओरडलं तरी थांबवा.

पायरी ८ : अप्रेंटिसशिप आणि पहिली नोकरी

आयटीआयनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप सोडू नका. १९६१ च्या कायद्याखाली ती होते, स्टायपेंड द्यावाच लागतो, आणि शेवटी वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेची परळ-माटुंग्याची वर्कशॉप, डॉकयार्ड, मोठ्या खासगी कंपन्या अप्रेंटिस घेतात. प्रत्येक जाहिरातीत मशिनिस्टच्या जागा आहेत का ते बघून अर्ज करा. अप्रेंटिसला कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे.

गाळ्यात ट्रायलला जाताना स्वतःचा व्हर्नियर, गॉगल आणि बूट घेऊन जा. निम्मी छाप तिथेच पडते. ड्रॉइंग हातात आल्यावर मटेरियल आणि न लिहिलेल्या मापांची टॉलरन्स विचारा. न विचारता कापायला लागणारा पोरगा मालकाला आवडत नाही. पगार ठरवताना शिफ्ट बारा तासांची आहे का, ओव्हरटाइम कसा मोजतात, हे आधी बोलून घ्या. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ, दहा किंवा जास्त असतील आणि पगार दरमहा २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी लागू होतं. लाजायचं नाही, विचारायचं.

आणि नोकरी सोडताना, भांडून सोडली तरी, लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या. नुसतं ‘ऑपरेटर’ असं नको. कोणतं मशीन, कोणता कंट्रोल, सेटिंग स्वतः करत होता की नाही आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एवढं त्यात हवं. पत्र नाहीच मिळालं तर पगाराच्या पावत्या आणि पीएफचं पासबुक जपून ठेवा. पुढच्या कंपनीत आणि आरपीएलच्या फॉर्मवर तुमची वर्षं त्यावरूनच मोजली जातात.